संख्येचे दगड

उधन्याहून सुरत शहरात शिरून कतारगाम दरवाजाच्या बाजूस गेले असता इंग्रज आणि वलंदेज व्यापाऱ्यांची जुनी कबरस्थाने लागतात. शिवछत्रपतींनी १६६४ साली सुरतेवर स्वारी केली, त्या वेळी इंग्रजांची वखार राखणारा सर जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ साली येथेच निवर्तला; त्याच्या कबरीवरील घुमटाकार वास्तू अद्याप उभी आहे. व्यापाऱ्याच्या मृत्यूस एवढा चिरा-चुना लाभला. मग फौजेत चाकरी करून परमुलखात देह ठेवणाऱ्या आपल्या शिपायाच्या वाट्यास कोणता दगड आला?

आपल्या आचारात देह अग्नीच्या स्वाधीन होतो. म्हणून योद्ध्याचे स्मरण कबरीत नव्हे, तर वीरगळात राहिले. त्या उभ्या शिळेच्या तळच्या चौकटीत रणात झुंजणारा वा पडलेला वीर, तिच्यावर त्यास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेली त्याची मूर्ती आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. आकाशात ते आहेत तोवर कीर्ती टिकावी, हा त्या कोरणीचा अर्थ. बहुतेक वीरगळांवर अक्षर नसते. ज्या गावाने तो उभारला त्यास नाव ठाऊकच असे.

१९१४ च्या महायुद्धाने मात्र रणांगण गावापासून समुद्रापार नेले. युद्ध संपल्यावर सरकारने महाराष्ट्रातील अनेक गावांत लहान शिलाफलक बसविले, त्यांवर गावातून किती माणसे लढाईस गेली आणि किती कामास आली, एवढाच आकडा कोरला. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाच्या स्मारकावरचा आकडा ४६ आहे. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी शत्रूच्या हाती पडलेल्या सैन्यात मराठा पलटणीही होत्या. तेथील मोहिमांत मेलेल्या आणि ज्यांच्या कबरीचा ठाव नाही अशांसाठी १९२९ साली बसऱ्यास जे स्मारक उभे राहिले, त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली, आणि हिंदी फौजेच्या अंमलदारांखालील सामान्य शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या. मृत्यू सारखाच आला असता दगडाने केलेला हा भेद अन्यायाचा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुण्याजवळ खडकीस दुसऱ्या महायुद्धातील १,६०० हून अधिक सैनिकांची दफनभूमी आहे. तेथे पांढऱ्या शिळांच्या नेटक्या ओळी असून प्रत्येक ओळखलेल्या सैनिकाच्या शिळेवर पलटणीचे चिन्ह, हुद्दा, नाव आणि मृत्यूची तारीख आढळते; परक्या मातीत विसावलेल्या त्या पोरांची नावे वाचताना मन भरून येते. त्याच युद्धात १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडलेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस लाभलेले नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा रायगड जिल्ह्यात माणगावास उभा आहे. पण अशी प्रसिद्धी किती जणांस लाभणार?

उधन्याच्या कारखान्यांतून राबणाऱ्या मराठी बांधवांना म्हणून माझी विनंती आहे की, सुटीत गावी गेल्यावर चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत असा फलक दिसला, तर त्याची धूळ पुसावी, घरातील वडीलधाऱ्यांना लढाईस गेलेल्यांची नावे विचारावीत आणि ती वहीत उतरवून ठेवावीत. आकडा सरकारने कोरला. नाव सांभाळणे गावाचे काम आहे.