राब: राखेपलीकडचा हिशोब

कोकणात भाताचा तरवा (लावणीची रोपं) पेरण्याआधी ती जागा भाजून घेतात, तो राब. शेण, ऐनाची कवळं (तोडलेल्या डहाळ्या), पातेरा आणि गवत थराथरांनी अंथरायचं, वर बारीक माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं. म्हणजे आग भडकत नाही, धुमसत राहते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वनखात्याने फांद्या तोडण्यावर बंधनं घातली आणि ठाणे-कुलाब्यात राब वादाचा विषय झाला. सरकारी नजरेला ही जंगलाची नासाडी दिसत होती. मात्र १९१२ मध्ये हॅरॉल्ड मान, जोशी आणि कानिटकर यांनी राबावर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा या रीतीची दखल रसायनशास्त्रालाही घ्यावी लागली. राखेतून पालाश मिळतो, तणाचं बी मरतं, शिवाय मातीला बसलेल्या आचेनेही रोप जोमाने वाढतं.

जाळल्याने नत्र हवेत उडून जातं, हा आक्षेप खरा आहे. पण भाजली जाते ती फक्त तरव्याची जागा, सगळं खाचर नव्हे. यापेक्षा वजनदार आक्षेप वेगळा आहे: शेताचा कस टिकवण्यासाठी डोंगर ओरबाडला जातो. तोही मान्य करावा लागतो. मात्र त्यावर उपाय नुसत्या मनाईचा नव्हता. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला खाचरात गाडला, तर नत्र मातीत राहतं आणि डोंगरही वाचतो. जुनी रीत बंद करायची, तर तिने भागवलेली गरज आधी ओळखली पाहिजे.