प्रवेश, पण अटींवर

१९३३ साली मुंबईहून रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या कमला भागवत यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. घराला ही संस्था परकी नव्हती. वडील नारायणराव आणि काका माधवराव तिथेच शिकलेले. गुणही उत्तम होते. तरी अर्ज नाकारला गेला, कारण अर्जदार मुलगी होती. नाकारणारे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन, तीन वर्षांपूर्वी नोबेल मिळालेले.

लेखिका दुर्गा भागवतांची ही बहीण गप्प बसणारी नव्हती. तिने थेट बंगळूर गाठले आणि रामन यांच्यापुढे सत्याग्रह आरंभला. रामन नमले, पण अटी घालून: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरले जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल, आणि तिच्यामुळे संस्थेचे वातावरण बिघडता कामा नये. बरोबरीच्या मुलांना यातली एकही अट नव्हती.

मार्गदर्शक श्रीनिवासय्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केले आणि १९३६ मध्ये एम.एस्सी. मिळवली. त्यानंतर रामन यांनी मुलींना प्रवेश देणे सुरू केले. ही गोष्ट बहुधा इथेच, अशा गोड शेवटावर थांबवली जाते आणि अपमान गाळला जातो. कमलाबाईंनी तो कधी गाळला नाही. रामन शास्त्रज्ञ म्हणून थोर, पण मनाने कोते, असे त्या उतारवयातही स्पष्ट सांगत.

पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम सी या द्रव्यावर त्यांनी अवघ्या चाळीसएक पानांचा प्रबंध लिहिला आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. लग्नानंतर कमला सोहोनी या नावाने त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. तिथे नीरेच्या पोषणमूल्यावरचे त्यांचे संशोधन गाजले, संचालकपद मात्र उशिराच मिळाले.

दार उघडले, तरी आतली वागणूक किती बदलली? १९४० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ॲना मणी रामन यांच्याच प्रयोगशाळेत दाखल झाल्या. हिरे आणि माणकांचे वर्णपट टिपायला छायाचित्रांच्या काचा पंधरा-वीस तास प्रकाशात ठेवाव्या लागत, त्यामुळे त्यांच्या कित्येक रात्री प्रयोगशाळेतच जात. मुलामुलींनी आपसांत बोलणे मात्र रामन यांना खपत नसे. विज्ञानातली अर्धी समज सहकाऱ्यांशी वाद घालतानाच येते. मुलींच्या वाट्याला तेच कमी आले. मणी यांचे पाच शोधनिबंध छापून आले, प्रबंधही पुरा झाला. मद्रास विद्यापीठाने मात्र एम.एस्सी. नाही या कारणावरून त्यांना पीएच.डी. नाकारली.

१९४५ मध्ये त्या हवामानाची उपकरणे शिकायला इंग्लंडला गेल्या. १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या आणि सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करवून घेतले, जेणेकरून ती देशातच बनावीत. १९७६ मध्ये त्या खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. पीएच.डी. त्यांना कधीच मिळाली नाही.