अकादमीच्या वाटेवरील अपराह्न

अथेन्सच्या नगरसभेने इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात शिळांवर कोरवून ठेवलेले जे ठराव आज उपलब्ध आहेत, त्यांत ‘एफेब’ या संज्ञेखाली पटावर नोंदलेल्या तरुणांनी वर्षभरात पार पाडलेल्या कर्तव्यांचा तपशील आढळतो. आणि त्यात व्यायाम, शस्त्राभ्यास व तत्त्वज्ञांची प्रवचने यांच्या जोडीला, मॅरेथॉनच्या रणभूमीवर जाऊन तेथील वीरांच्या समाधीला माळा अर्पण करणे आणि सॅलॅमिसच्या विजयचिन्हापर्यंत नौकेने जाऊन यज्ञ करणे, या यात्रांचीही रीतसर नोंद आहे. त्या शतकाच्या अखेरीस या पटांवर परदेशी तरुणांची, त्यांत रोमनांचीही, नावे दिसू लागतात. ज्या मॅरेथॉनला हे विद्यार्थी जात, ते युद्ध त्यांच्याही दृष्टीने साडेतीन शतकांमागचे, म्हणजे आपणांस पानिपत जितके दूर त्याहूनही दूरचे होते.

परंतु शिळालेख हे सरकारी दप्तर. विद्यार्थ्याच्या मनात काय चालले होते, हे सांगण्याची जबाबदारी ते घेत नाहीत. त्यासाठी सिसेरोकडे वळावे लागते. इ.स.पू. ७९ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, रोममधील वकिलीत नाव होऊ लागले असतानाच तो अथेन्सला आला आणि सहा महिने अँटायोकस या तत्त्वज्ञाच्या पायाशी बसला. नगरातील टॉलेमीच्या नावाच्या व्यायामशाळेत सकाळचे प्रवचन ऐकून झाल्यावर, भाऊ क्विंटस, चुलतभाऊ ल्युसियस, जिवलग मित्र ॲटिकस आणि पायसो यांच्यासह त्याने अपराह्नी प्लेटोच्या अकादमीपर्यंत पायी जाण्याचा बेत केला. डिपिलॉन वेशीपासून ते अंतर सहा स्टेडियम, म्हणजे सुमारे पाऊण मैल, आणि वाट नगरासाठी धारातीर्थी पडलेल्यांच्या समाध्यांमधून जाणारी.

या फेरफटक्याचे वर्णन सिसेरोने चौतीस वर्षांनी एका तत्त्वचर्चेची प्रस्तावना म्हणून केले आहे, तेव्हा त्यातील प्रत्येक उद्गार अक्षरशः खरा मानण्याचे कारण नाही. तथापि त्यातील माणसांचे स्वभाव इतके वेगवेगळे उतरले आहेत, की निदान ती मंडळी तशीच बोलत असली पाहिजेत असे मला वाटते. प्लेटोची बाग नजरेस पडताच पायसो म्हणतो, की थोरांच्या कृती ऐकण्यावाचण्याने मन जितके हलत नाही तितके त्यांच्या वावराची जागा पाहून हलते, मग हा मनुष्यस्वभाव म्हणा की भ्रम. क्विंटसला जवळचे कोलोनस हे गाव दिसले आणि सॉफोक्लीजचा आंधळा, थकलेला इडिपस त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. ॲटिकस पडला एपिक्युरसचा अनुयायी. त्याच्या गुरूच्या बागेवरून तर ही मंडळी नुकतीच आली होती, पण त्याचे म्हणणे असे, की आमच्या पंथाचे लोक गुरूची प्रतिमा पेल्यांवर आणि अंगठ्यांवरही बाळगतात, आम्हांला त्याचा विसर पडण्याची सोयच नाही! वयाने सर्वांत लहान ल्युसियस लाजत लाजत सांगतो, की डेमॉस्थेनिस लाटांच्या गर्जनेवर आवाज चढविण्याचा सराव जेथे करी, त्या फॅलेरमच्या किनाऱ्यावर मी जाऊन आलो, आणि आता येतानाही वाट सोडून उजवीकडे पेरिक्लीजच्या समाधीपाशी वळलो होतो.

एक गोष्ट मात्र या रम्य संभाषणात कोणीच उच्चारीत नाही. अवघ्या सात वर्षांपूर्वी, इ.स.पू. ८६ मध्ये, रोमन सेनापती सुल्ला याने दीर्घ वेढ्यानंतर अथेन्स सर केले होते. वेढ्याची यंत्रे उभारण्यासाठी लाकडाचा तुटवडा पडला, तेव्हा त्याच्या फौजेने अकादमीची वृक्षराजी तोडून नेली होती, आणि कत्तलीच्या रात्री रक्त डिपिलॉन वेशीपर्यंत वाहत आल्याचे प्लुटार्क लिहितो. अकादमीचा प्रमुख फायलो त्याआधीच रोमला निघून गेला होता व तेथेच तरुण सिसेरोला त्याची प्रवचने लाभली होती. म्हणजे ज्या वेशीतून हे पाच रोमन बाहेर पडले आणि ज्या उपवनात ते पोहोचले, त्या दोहोंवर त्यांच्याच देशबांधवांच्या हाताच्या खुणा असल्या पाहिजेत. सिसेरो एवढेच नमूद करतो, की त्या घटकेला तेथे वर्दळ नसते म्हणून ती वेळ निवडली. वृक्ष पुन्हा वाढण्यास सात वर्षे अपुरीच. पण ग्रंथ मनात भरून आलेल्या विद्यार्थ्याला समोरचे खुंट दिसू नयेत, किंवा दिसले तरी लिहिताना त्याने ते वगळावेत, हे दोन्ही संभवनीय आहे, आणि मुत्सद्दी सिसेरोच्या बाबतीत मला दुसरे अधिक संभवनीय वाटते.

हा संवाद लिहिला गेला त्याच सुमारास, इ.स.पू. ४५ मध्ये, त्याने आपल्या मार्कस या मुलाला अथेन्सला शिकण्यासाठी पाठविले आणि रोममधील ॲव्हेंटाइन व आर्जिलेटम येथील इमारतींच्या भाड्याचा वसूल त्याच्या खर्चासाठी लावून दिला. मुलाची स्वारी समरांगणाकडे जाण्यास उत्सुक होती. ती अथेन्सला गेली ती पित्याच्या मर्जीखातर. पुढल्या वर्षी त्याने पित्याचा विश्वासू लेखनिक टायरो याला धाडलेले एक लांब पत्र शिल्लक आहे. आपले पूर्वीचे वर्तन सुधारले असल्याची ग्वाही, गुरू क्रॅटिपस हा जेवणाच्या वेळी अवचित येऊन थट्टामस्करी कशी करतो याची हकीकत, ग्रीक व लॅटिन वक्तृत्वाच्या सरावाचा वृत्तांत, हे सारे त्यात आहे. प्लेटोची बाग अथवा पेरिक्लीजची समाधी यांविषयी अक्षर नाही. अखेरीस एक विनंती आहे: प्रवचनांची टिपणे उतरवून काढण्यात फार वेळ जातो, तरी एखादा नकलनवीस, शक्यतो ग्रीक, लवकर पाठवावा.