कुलवृत्तान्त : अनेकांच्या हातांचें काम

पणजोबांचें नांव सांगूं शकणारे श्रोते पुष्कळ निघतील. परंतु त्यांपलीकडच्या पिढ्या सांगतांना बहुतेक थबकतील. ही तुटलेली सांखळी एकट्याच्या शोधानें क्वचितच जुळते. एका शाखेच्या पेटींत इनामाची सनद असते, दुसरीच्या देव्हाऱ्यांत पूर्वजांचे टांक असतात, तर तिसरीनें नाशिकास वा त्र्यंबकेश्वरास तीर्थोपाध्यायांच्या वहींत लेख करून ठेविलेला असतो. महाराष्ट्रांतील अनेक कुलवृत्तान्त सिद्ध झाले ते विखुरलेल्या भाऊबंदांनीं पत्रें धाडून व टिपणें ताडून पाहिल्यामुळेंच.

गांवोगांव हिंडून दप्तरें जमविणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. अशा उद्योगामुळें घरगुती कागदांचें मोल लोकांस कळूं लागलें.

मात्र प्रत्येक वंशावळ प्रमाण नव्हे. वतनाच्या तंट्यांत हक्क शाबीत करण्यासाठीं ती मांडली जाई. म्हणून दुसऱ्या शाखेच्या कागदांशीं पडताळल्यावांचून ती स्वीकारूं नये. शिवाय बहुतेक वंशावळींत लेकीसुनांचीं नांवें नसतात. तीं घरांतील वृद्ध स्त्रियांच्या तोंडींच उरलेलीं असतात. कागद एखादे वेळीं पुढेंहि सांपडेल. हीं नांवें मात्र आजच विचारून उतरून ठेविलीं पाहिजेत.