जुळ्या भावाचा मॅरो आणि उलटलेला ल्युकेमिया

आजचा एपिसोड थोडा जड आहे. पण इयरफोन काढू नका, कारण यात एक कोडं आहे आणि ते सुटायला डॉक्टरांना काही दशकं लागली.

कोडं असं. दोन पेशंट आहेत, दोघांनाही अक्यूट ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर. दोघांचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं. पहिल्याला मॅरो दिला त्याच्या हुबेहूब जुळ्या भावाने. दुसऱ्याला दिला साध्या सख्ख्या भावाने, म्हणजे टेस्टमध्ये जुळला, पण शेवटी माणूस वेगळाच. आता आजार उलटण्याची भीती कुणाला जास्त? आपण पटकन म्हणू, दुसऱ्याला. तर नाही. पहिल्याला!

हे कळायला थोडं मागे जाऊ. १९५०च्या दशकातली कल्पना अगदी सरळ होती. जबरदस्त रेडिएशन देऊन शरीरातल्या सगळ्या कॅन्सरपेशी मारायच्या. त्यात मॅरोही मरतो, म्हणून दुसऱ्याचा मॅरो भरायचा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, डिस्क फॉरमॅट करायची आणि बॅकअपवरून सिस्टिम परत टाकायची. मॅरो म्हणजे फक्त बॅकअप, औषध नव्हे. १९५९ मध्ये अमेरिकेत डॉ. डोनाल थॉमस यांनी ल्युकेमियाच्या दोन पेशंटना त्यांच्या जुळ्या भावंडांचा मॅरो दिला. मॅरो रुजला, पण ल्युकेमिया काही महिन्यांतच परत आला.

खरं तर उत्तराचा धागा त्याआधीच सापडला होता, उंदरांमध्ये. १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या हार्वेल इथे बार्न्स आणि लाउटिट यांनी ल्युकेमिया झालेल्या उंदरांना रेडिएशन दिलं. ज्यांना आपल्याच वाणाच्या उंदरांचा मॅरो मिळाला, त्यांचा ल्युकेमिया परतला. ज्यांना परक्या वाणाचा मिळाला, त्यांचा ल्युकेमिया गेला. पण ते उंदीर वेगळ्याच आजाराने खंगून मेले. परक्या पेशींनी कॅन्सर तर मारलाच, पण ज्या शरीरात राहायला आल्या त्या शरीरावरही त्या तुटून पडल्या. या दुसऱ्या हल्ल्याला आज 'जीव्हीएचडी' म्हणतात. त्वचा, यकृत, आतडी, सगळीकडे तो होतो आणि त्यात माणूस दगावूही शकतो.

१९७७ मध्ये थॉमस यांच्या सिअ‍ॅटलच्या टीमने अक्यूट ल्युकेमियाच्या १०० पेशंटचा अहवाल छापला. त्यातले १३ जण आजारमुक्त होऊन जगत होते. तेरा हा आकडा ऐकून हिरमोड होईल, पण त्या शंभर जणांवर बाकीचे उपाय थकलेले होते. मग १९७९ मध्ये त्याच केंद्राने २४२ पेशंटचा हिशेब मांडला. ज्यांना जीव्हीएचडीचा त्रास झाला, त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण त्रास न झालेल्यांपेक्षा अडीच पटीने कमी निघालं. म्हणजे जो साइड इफेक्ट थांबवायला डॉक्टर जिवाचं रान करत होते, त्याच्या पोटातच औषध होतं. जुळ्या भावाच्या पेशींना काही परकं वाटतच नाही, म्हणून त्या कॅन्सरलाही सोडून देतात.

थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी म्युनिकच्या हान्स-योखेन कोल्ब यांनी एक धाडस केलं. ट्रान्सप्लांटनंतर आजार उलटलेल्या तीन पेशंटना पुन्हा केमो आणि रेडिएशन देण्याऐवजी त्यांनी मूळ डोनरच्याच पांढऱ्या पेशी, इंटरफेरॉनच्या जोडीने, पुन्हा चढवल्या. ल्युकेमिया मागे हटला. या उपायाला 'डीएलआय' म्हणतात. खर्चिक मशीन नाही, नवीन रेणू नाही, फक्त डोनरला परत एकदा बोलवायचं. मला विचाराल तर या गोष्टीतला सगळ्यात सुंदर टप्पा हाच.

पण ते तिघे 'क्रॉनिक' ल्युकेमियाचे होते, सावकाश वाढणाऱ्या. अक्यूटमध्ये गाडी अडली. १९९७ च्या उत्तर अमेरिकेतल्या पाहणीत डीएलआयने क्रॉनिक मायलॉइडच्या ६० टक्के पेशंटमध्ये आजार पूर्ण मागे गेला, अक्यूट मायलॉइडमध्ये मात्र जेमतेम १५ टक्क्यांत. एक मोठं कारण वेळेचं. डोनरच्या पेशींना कामाला लागायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि अक्यूट ल्युकेमिया तेवढा थांबत नाही. म्हणून आधी केमोने आजाराचा जोर मोडायचा, मग पेशी द्यायच्या असा क्रम आला. २००७ मध्ये युरोपातल्या ३९९ प्रौढ पेशंटचा अभ्यास आला. डीएलआय मिळालेल्यांपैकी २१ टक्के दोन वर्षांनी जिवंत होते, न मिळालेल्यांपैकी ९ टक्के. दुपटीहून जास्त, पण तरी पाचातला एकच. शिवाय प्रत्येक डोसमागे तोच जुगार: पेशी कॅन्सरवर जातील की पेशंटवर?

आणि मग २००९ मध्ये मिलानहून आलेली बातमी. लुका व्हागो आणि सहकाऱ्यांनी अर्ध्या जुळणाऱ्या डोनरकडून ट्रान्सप्लांट झालेले, आजार उलटलेले १७ पेशंट तपासले. पाच जणांच्या कॅन्सरपेशींनी गुणसूत्र ६ वरचा नेमका तोच एचएलए भाग टाकून दिला होता, ज्यावरून डोनरच्या पेशी त्यांना परकं म्हणून ओळखत होत्या. चोराने ओळखपत्रच फाडून टाकलं! अशा पेशंटला त्याच डोनरच्या पेशी कितीही द्या, उपयोग नाही. दुसरा डोनर शोधायला हवा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात आणखी एक चाल दिसली. ३४ पैकी १७ पेशंटमध्ये ओळखीची जनुकं शाबूत होती, पण कॅन्सरने ती नुसती दाबून ठेवली होती. प्रयोगशाळेत इंटरफेरॉन गॅमा दिल्यावर ती परत चालू झाली. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण हरवलेलं परत येत नाही, दाबलेलं येऊ शकतं.

आता आपल्या मुंबईत येऊ. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तयार झालेल्या 'नेक्सकार१९' या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. यात टी-पेशी बाहेर काढून त्यांना सीडी१९ ही खूण ओळखायला शिकवतात आणि परत सोडतात. एचएलए लपवून इथे पळता येत नाही. पण ही खूण बी-पेशींवर असते, म्हणून बी-प्रकारच्या ल्युकेमियात तिचा उपयोग, अक्यूट मायलॉइडमध्ये नाही. आणि काही कॅन्सरपेशी सीडी१९ सुद्धा टाकून देतात, सवय जात नाही त्यांची.

एक गंमत मात्र राहिलीच. ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटच्या रक्तातून कार-टीसाठी पेशी काढतात, तेव्हा त्या बहुतेक त्याच्या स्वतःच्या नसतातच. त्या डोनरच्या असतात, नुसत्या मुक्काम बदललेल्या.