गिरगावातले गुप्त प्रक्षेपण आणि हौशी रेडिओवाले

मुंबईत सरकारी नभोवाणी येण्याआधी रेडिओ रुजवला तो हौशी मंडळींनी. ऑगस्ट १९२१ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने टपाल व तार खात्याच्या मदतीने मुंबईतून संगीताचा एक कार्यक्रम बिनतारी यंत्रणेवरून पाठवला आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात बसून ऐकला. तो एकदाच झालेला प्रयोग होता. कार्यक्रम प्रसारित करण्याचे काम संस्थेच्या पातळीवर हाती घेतले ते जून १९२३ मध्ये, ‘रेडिओ क्लब ऑफ बॉम्बे’ने. त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्यात आणि पुढच्या वर्षी मद्रासमध्ये असेच क्लब बोलू लागले. या क्लबांची प्रक्षेपणशक्ती अगदी बेताची होती. ऐकणारेही थोडेच होते, पण त्यांपैकी कितीतरी जण आपला संच आपणच जुळवत. एक स्फटिक, तांब्याच्या तारेचे वेटोळे, कानाला लावायची हेडफोनची जोडी आणि गच्चीवर ताणलेली तार एवढ्या सामग्रीवर जवळचे केंद्र ऐकता येई.

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्याची शक्ती दीड किलोवॉट होती. कंपनी १९३० मध्ये बुडाली, सरकारने कारभार आपल्याकडे घेतला आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. क्लबांचे प्रसारणाचे काम त्यामुळे संपले. अपोलो बंदराजवळ रेडिओ क्लब नावाची संस्था आजही आहे, पण तिथले सभासद येतात ते समुद्राकाठच्या बैठकीसाठी आणि खेळांसाठी.

हौशी रेडिओचा दुसरा प्रवाह मात्र वेगळा होता आणि तो टिकला. त्यात श्रोत्यांसाठी कार्यक्रम नसतात, दोन परवानाधारक एकमेकांशी बोलतात. यांनाच जगभर ‘हॅम’ म्हणतात. कोणी मोर्सच्या कट्ट-कडकट्टवर बोलतो, कोणी आवाजात. त्यांच्यावरची बंधने पहिल्यापासून कडक आहेत. प्रत्येक संभाषणात आपले संकेतनाम सांगायचे, ठरवून दिलेल्या लहरींच्या पट्ट्यातच राहायचे, पैसा मिळवायचा नाही, आणि संगीत, बातम्या किंवा राजकीय प्रचार प्रसारित करायचा नाही. भारतात कलकत्त्याचे अमरेंद्र चंद्र गुप्तू यांनी १९२१ मध्ये ‘२जेके’ या नावाने सुरुवात केली. १९२९ पासून भारतीय संकेतनामे ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होऊ लागली. १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरला. १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशातले परवानाधारक पन्नासही नव्हते आणि त्यांत बहुसंख्य लष्करातले इंग्रज अधिकारी होते. उरलेल्या मूठभर भारतीयांपैकी काही मुंबईचे होते. प्रक्षेपक स्वतः बांधता येणारी, बिघडला तर दुरुस्त करता येणारी आणि कुठल्या वेळी कुठली लहर कुठवर जाते हे अनुभवाने जाणणारी माणसे सरकारी नोकरीबाहेर एवढीच होती.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि नवे परवाने बंद झाले. जुन्या परवानाधारकांना आपली प्रक्षेपणयंत्रे पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे लेखी हुकूम गेले. यंत्रे जमा करता आली तरी ती बांधण्याचे ज्ञान जमा करून घेता येत नाही. मुंबईचे नरिमन प्रिंटर हे अशांपैकी एक. युद्धाच्या सुरुवातीच्या काळातच त्यांनी ‘आझाद हिंद रेडिओ’ नावाने प्रक्षेपण करून पाहिले होते आणि ते पकडलेही गेले होते.

८ ऑगस्ट १९४२ रोजी गिरगावाच्या शेजारच्या गवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला. ९ ऑगस्टच्या पहाटेपासून नेत्यांची धरपकड सुरू झाली. वृत्तपत्रांवर बंधने आली आणि काहींनी आपण होऊन अंक काढणे थांबवले. ऑल इंडिया रेडिओवर सरकारी बाजूपलीकडे काही ऐकू येईना. मुंबईतल्या तरुण कार्यकर्त्यांनी या कोंडीवर स्वतःच्या रेडिओचा उपाय काढला. त्यांत विल्सन कॉलेजात शिकलेल्या २२ वर्षांच्या उषा मेहता होत्या, पैशाची आणि एकूण जुळवाजुळवीची बाजू सांभाळणारे विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर होते, तसेच चंद्रकांत झवेरी आणि विठ्ठलदास झवेरी होते. प्रक्षेपक बांधण्याचे काम प्रिंटर यांच्याकडे गेले. हौशी रेडिओवाल्यांच्या इतिहासात त्यांच्या जोडीने बॉब तन्ना यांचेही नाव घेतले जाते. काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरवणाऱ्या ‘शिकागो रेडिओ’चे नानक मोटवाने यांच्यावर यंत्रसामग्री पुरवल्याचा आरोप पुढे ठेवण्यात आला.

२७ ऑगस्ट १९४२ रोजी चौपाटीवरील ‘सी व्ह्यू’ इमारतीतून ‘काँग्रेस रेडिओ’ प्रथम बोलला. आपण ४२.३४ मीटरवर, भारतात कुठूनतरी बोलत आहोत, एवढीच ओळख त्याने दिली. हॅम आपले संकेतनाम सांगतो तो आपण कोण आणि कुठले हे ऐकणाऱ्याला कळावे म्हणून. या केंद्राने लहरीचा आकडा सांगितला आणि जागा लपवली. तरीही हा आकडा हौशी जगाला परका नव्हता. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७ मेगाहर्ट्झ. हॅममंडळी ज्याला चाळीस मीटरचा पट्टा म्हणतात, तो हाच. या लहरींचा स्वभाव या कामाला अगदी सोयीचा आहे. दिवसा त्या काही शे किलोमीटरच्या परिघात नीट ऐकू येतात. सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या थरातले त्यांचे शोषण कमी होते आणि आयनमंडलावरून परतून त्या फार दूर जातात. त्यामुळे लहान शक्तीच्या प्रक्षेपकालाही रात्री देशभर पोहोचण्याची आशा धरता येते. सुरुवातीला दिवसातून दोनदा, हिंदी आणि इंग्रजीत प्रक्षेपण होई. नंतर ते संध्याकाळी साडेसात ते साडेआठच्या सुमारास एकदाच ठेवण्यात आले. लहरींचा हिशेब आणि पकडले जाण्याचा धोका, दोन्ही बाजूंनी हीच वेळ योग्य होती.

या पट्ट्याचा आणखी एक फायदा गिरगावासारख्या वस्तीला लागू पडतो. अशा लहरीसाठी अर्ध्या तरंगलांबीची तार लागते, म्हणजे सुमारे वीस मीटर. एका मोठ्या इमारतीच्या गच्चीवर ती मावते, आणि जिथे गच्चीगच्चीवर कपडे वाळत घालायच्या तारा आणि रेडिओ ऐकण्यासाठीच्या तारा ताणलेल्या आहेत, तिथे आणखी एक तार कोणाच्या नजरेत भरत नाही. वाड्या, चाळी, एकमेकींत शिरणाऱ्या गल्ल्या आणि दिवसभर चालू असलेली माणसांची ये-जा यांमुळे नवा भाडेकरू किंवा नवे सामानही चटकन डोळ्यांत येत नसे. काँग्रेस रेडिओच्या जागांची यादी वाचली तर ती जवळजवळ सगळी गिरगाव आणि त्याच्या वेशीवरची आहे: चौपाटीवरचे ‘सी व्ह्यू’, लॅबर्नम रोडवरचा ‘अजित व्हिला’, सँडहर्स्ट रोडवरचे ‘लक्ष्मी भवन’, गिरगाव बॅक रोडवरची ‘पारेख वाडी’. महालक्ष्मीचा ‘पॅरडाइज’ बंगला तेवढा जरा लांब. सँडहर्स्ट रोड आज सरदार वल्लभभाई पटेल मार्ग आहे आणि गिरगाव बॅक रोड विठ्ठलभाई पटेल मार्ग.

जागा सारखी बदलावी लागे, याचे कारण दिशाशोधन. फिरवता येणारी चौकटीच्या आकाराची ॲन्टेना घेऊन प्रक्षेपण कोणत्या दिशेने येते हे पाहता येते. दोन ठिकाणांहून अशा रेषा काढल्या की त्या जिथे छेदतात, तिथे केंद्र. अचूक बिंदू गाठायला वेळ लागतो, आणि काँग्रेस रेडिओने पोलिसांना नाकारला तो नेमका हा वेळ. प्रक्षेपण थोडा वेळच चाले आणि केंद्र एका जागी फार दिवस राहत नसे. पुढे कार्यक्रम एका ठिकाणी तबकडीवर मुद्रित करून दुसऱ्या ठिकाणाहून वाजवण्याची पद्धत बसली. त्यामुळे बोलणारी माणसे आणि यंत्र एकाच वेळी हाती लागण्याची शक्यता कमी झाली.

आरंभी ‘हिंदोस्ताँ हमारा’ची आणि शेवटी ‘वंदे मातरम्’ची तबकडी वाजे. मधल्या वेळात बातम्या आणि भाषणे असत. डॉ. राममनोहर लोहिया या कामाशी जोडले गेल्यानंतर मजकुराला धार आली. अच्युतराव पटवर्धनांसारख्या भूमिगत नेत्यांचाही पाठिंबा होता. चितगाववरचे जपानी बाँबहल्ले, जमशेदपूरचा कामगारांचा संप आणि विदर्भातल्या आष्टी-चिमूरची हकिकत लोकांनी या केंद्रावरून ऐकली. १६ ऑगस्टला चिमूरमध्ये उठाव झाला आणि त्यानंतर लष्कराने गावात, विशेषतः स्त्रियांवर, अत्याचार केले. त्याची चौकशी व्हावी म्हणून गांधीजींचे अनुयायी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. जी गोष्ट छापता येत नव्हती, ती गिरगावातल्या एका खोलीतून देशाला सांगितली गेली. काँग्रेस रेडिओचे मोल या एका गोष्टीवरूनही ठरवता येईल.

पोलीस हे सगळे रोज ऐकत होते आणि शब्दशः उतरवून घेत होते. या केंद्राच्या बऱ्याच प्रक्षेपणांचा मजकूर आज वाचता येतो तो त्यांच्या त्या टिपणांमुळे. उषा ठक्कर यांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस रेडिओवरील इंग्रजी पुस्तकात तो मोठ्या प्रमाणात एकत्र आला आहे.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी प्रिंटर यांना ताब्यात घेतले. पारेख वाडीची जागा पोलिसांना त्यांच्याकडूनच कळली. त्या संध्याकाळी उषा मेहता आणि चंद्रकांत झवेरी प्रक्षेपण करत असताना दारे फोडून पोलीस आत आले. ‘वंदे मातरम्’ची तबकडी सुरू होती आणि ती थांबवायला उषाबाईंनी नकार दिला, अशी आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. लपाछपीत एवढे दिवस हार न गेलेले केंद्र सापडले ते माणूस फुटल्यामुळे. प्रिंटर यांच्याबद्दल लिहिताना पुष्कळदा यातली एकच बाजू सांगितली जाते. यंत्र त्यांनी बांधले हे खरे आणि जागा त्यांनी दाखवली हेही खरे. हौशी रेडिओच्या इतिहासाला दोन्ही गोष्टी लिहाव्या लागतात. ज्या गटाची सारी मदार एका तंत्रज्ञावर असते, तो गट त्या एका माणसावर पडणाऱ्या दडपणापुढे किती उघडा असतो, हेही त्यातून दिसते.

अटकेनंतर उषा मेहता यांची सहा महिने चौकशी चालली. त्या बोलल्या नाहीत. विशेष न्यायालयात खटला उभा राहिला. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षांची, उषा मेहता यांना चार वर्षांची आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि नानक मोटवाने निर्दोष सुटले. विठ्ठलदास झवेरींनी पुढे डी. जी. तेंडुलकरांच्या आठ खंडी गांधीचरित्राला साहाय्य केले आणि १९६८ मध्ये गांधीजींवरचा प्रदीर्घ माहितीपट तयार केला. उषा मेहता येरवड्याहून १९४६ मध्ये सुटल्या. त्यांनी मुंबईत अनेक वर्षे राज्यशास्त्र शिकवले आणि लॅबर्नम रोडवरच्या मणिभवनाच्या गांधी संग्रहालयाचे काम केले. अजित व्हिला याच रस्त्यावरचा. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि ११ ऑगस्ट २००० रोजी त्यांचे निधन झाले. २०२४ मध्ये त्यांच्यावर ‘ऐ वतन मेरे वतन’ हा हिंदी चित्रपट आला.

युद्ध संपल्यावर हौशी परवाने पुन्हा मिळू लागले. १५ मे १९४८ रोजी महू येथे ‘ॲमेच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया’ स्थापन झाला. तेव्हा देशात परवानाधारक होते सुमारे पन्नास आणि नेमाने बोलणारे जेमतेम डझनभर. परदेशी संच आयातशुल्कामुळे आवाक्याबाहेर होते, म्हणून भारतीय हॅमची पहिली पिढी घरीच यंत्र बांधत राहिली. युद्धानंतर मोडीत निघालेल्या लष्करी सामानातले व्हॉल्व्ह (निर्वात नळ्या), रोहित्रे आणि धारित्रे हा तिचा कच्चा माल होता. मुंबईत असे सुटे भाग मिळण्याचे ठिकाण म्हणजे गिरगावाला लागून असलेला लॅमिंग्टन रोड, आताचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पदपथावरच्या गाळ्यांत भिंग लावून बसलेले दुरुस्तीवाले आणि हातात आकृतीचा कागद घेऊन हवा तो रोधक शोधणारे विद्यार्थी यांनी ही बाजारपेठ कित्येक दशके भरलेली असे. हौशी संचावरचे आयातशुल्क १९८४ मध्ये माफ झाले आणि तयार संच घेणे सोपे झाले.

१९७८ च्या नियमांनी परवान्याची रीत पक्की केली. किमान वय १२ वर्षे, केंद्र सरकारच्या बिनतारी विभागाची परीक्षा, विद्युतशास्त्राची आणि नियमांची माहिती, आणि वरच्या श्रेणीसाठी मोर्स. प्रक्षेपणात राजकीय मजकूर, बातम्या आणि संगीत यांना अजूनही बंदी आहे. १९९३ च्या लातूर भूकंपात आणि २००१ च्या भुजच्या भूकंपात दूरध्वनी बंद पडल्यावर हॅममंडळींनी संच आणि बॅटऱ्या घेऊन निरोप पोहोचवले. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी अंदमानात हौशी मोहिमेवर गेलेल्या गटाचा संच मुख्य भूमीशी संपर्काचे साधन ठरला. अशा कामात चाळीस मीटरचा पट्टा आजही पहिला लावून पाहिला जातो.