देवीच्या सांथीचा माग : नंदुरबारचा रस्ता, गल्ली व तिथि

खानदेशांतील जुनीं दप्तरें, कुलवृत्तान्त व क्रियाकर्माच्या वह्या गोळा करणारे गृहस्थ प्रस्तुत लेखकास एक प्रश्न वारंवार विचारतात. अमुक सालीं गांवांत देवीची सांथ आली, तिचा पहिला मृत्यु अमुक गल्लींत नोंदलेला आहे; तर रोग त्या गल्लींतूनच गांवभर पसरला असें लिहिण्यास हरकत कोणती? हरकत मोठी आहे. पहिला मृत्यु आणि पहिला रोगी हे एक नव्हेत. हा भेद न केल्यामुळें एकाद्या पुऱ्यावर, जातीवर किंवा बाजारास येणाऱ्या डोंगरी लोकांवर कायमचा डाग बसतो, आणि छापील लेखाचा आधार मिळाला म्हणजे तो पुसणें कठीण होतें. म्हणून अशा नोंदी कशा वाचाव्या याची रीत नंदुरबारच्या उदाहरणानें येथें मांडीत आहें.

आरंभ नांवापासून केला पाहिजे. सुश्रुतानें ‘मसूरिका’ हा रोग क्षुद्ररोगांत घातला आहे. मसुरीच्या दाण्याएवढे फोड म्हणून मसूरिका. माधवनिदानांत मात्र त्याला स्वतंत्र प्रकरण मिळालें असून ‘रोमान्तिका’ म्हणजे आपला गोवर तेथें वेगळा सांगितला आहे. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत ‘शीतला’ हें नांव येतें, आणि रोगाबरोबर देवताहि वैद्यकांत शिरते. मराठींत तर रोगाचें नांवच ‘देवी’ झालें. क्षुद्ररोगापासून देवतेपर्यंतचा हा प्रवास रोगाचें उग्रपण वाढत गेल्याचें चिन्ह असावें असें मला वाटतें. परंतु तें अनुमान आहे, पुरावा नव्हे. पुराव्याच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें हें कीं, जुन्या कागदांत नुसतें ‘फोड आले’ असें असेल तर देवी, गोवर व कांजिण्या यांपैकीं कोणताहि अर्थ संभवतो. युरोपांतहि कांजिण्या देवीपासून स्पष्टपणें वेगळ्या काढल्या त्या हेबर्डननें, १७६७ सालीं.

‘देवीनें वारला’ असें स्पष्ट लिहिलेलें असलें तरी तेवढ्यावर विसंबूं नये. ताराबाईंचा पुत्र शिवाजी १७१२ च्या जानेवारींत देवीनें मृत्यु पावला असें ग्रँट डफनें लिहिलें. पुढील संशोधनानें असें दिसून आलें कीं, १७१४ च्या सुमारास पन्हाळ्यावर सत्तापालट होऊन मायलेकरें कैदेंत पडलीं व त्यानंतरहि तो बरींच वर्षें जिवंत होता. राजकारणांत देवीचा रोग हें सोयीचें कारण होतें. कोणी शंका घेत नसे.

पोथ्या जमविणारांसाठीं याच जातीची आणखी एक सूचना. गाईच्या सडावरील फोडाची लस टोचण्याची विद्या धन्वंतरीस ठाऊक होती, असें एक वचन अजून अभिमानानें सांगण्यांत येतें. तें १८१९ सालीं मद्रासच्या एका वृत्तपत्रांतील पत्रांतून प्रसिद्धीस आलें. मान्य संस्कृत वैद्यकग्रंथांत तें सांपडत नाहीं. डॉमिनिक वुजास्टिक यांनीं १९८७ सालीं या प्रकरणाची छाननी करून, लोकांनीं टोचून घ्यावें या सद्धेतूनें केलेली ती बनावट होय असा निर्णय दिला. संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या माणसास हें लिहितांना आनंद होत नाहीं. पण हेतु चांगला म्हणून श्लोक जुना ठरत नाहीं.

आतां रस्ता. देवीचा रोग माणसाखेरीज दुसऱ्या कोणत्याहि प्राण्यांत राहत नसे. तेव्हां माणसाची वाट तीच त्याची वाट. नंदुरबार हें वाटेवरचेंच गांव. १३४२ नंतर दिल्लीहून निघालेला इब्न बतूता दौलताबादेहून येथें आला व येथून खंबायतेकडे गेला. येथील मराठे कलाकुशल असून वैद्य व ज्योतिषी आहेत, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. अकबराच्या काळीं नंदुरबार हें माळवा सुभ्यांतील एक सरकार होतें. सतराव्या शतकांत सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा मोठा व्यापारी मार्ग नवापूर व नंदुरबार यांवरून जात असे. टाव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानें तो वर्णिला असून नवापूरच्या बारीक तांदुळास कस्तुरीसारखा वास येतो, ही त्याची नोंद प्रसिद्धच आहे. १६३० च्या दुष्काळांत पीटर मंडी याच मार्गानें गेला, तेव्हां त्याला वाटेवर प्रेतेंच प्रेतें दिसलीं. तीं भुकेचीं होतीं. त्यांत देवीचा रोग वाचण्याचा मोह टाळावा.

सुरतेसारख्या बंदरांतून रोग या मार्गानें येई असें म्हणणें सोपें आहे, पण रोगाच्या मुदतींशीं तें ताडून पाहिलें पाहिजे. बाधा झाल्यापासून ताप येईपर्यंत सुमारें बारा दिवस जात, आणि एवढ्या अवधींत माणूस निरोगी दिसे व दुसऱ्यास रोग देत नसे. नंतर दोनतीन दिवस ताप, मग फोड. फोड दिसूं लागल्यापासून खपल्या पडेपर्यंत तो इतरांस धोक्याचा. आतां सुरत ते नंदुरबार हें अंतर अजमासें दीडशें किलोमीटर धरा. बैलांचा तांडा दिवसास वीस किलोमीटर चालला तर आठ दिवस लागतात. म्हणजे निघण्याच्या आदल्या दिवशीं सुरतेंत बाधा झालेला मनुष्य नंदुरबारास धडधाकट पोंचे, मुक्काम करी, पुढें जाई, आणि फोड त्याला तापीकांठीं बऱ्हाणपुराच्या वाटेवर येत. नंदुरबारांत रोग ठेवून जाणारा तो नव्हे. ठेवून जाणारा म्हणजे ज्याला निघण्यापूर्वीं पांचसहा दिवस बाधा झाली होती तो, किंवा येथें आठपंधरा दिवस राहिलेला पाहुणा, अडत्या, माहेरीं आलेली लेक. १९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे झाली आणि आठ दिवसांची वाट कांहीं तासांवर आली. तेव्हांपासून हें गणित सर्वस्वी बदललें. आगगाडीपूर्वींच्या व नंतरच्या सांथी एकाच मापानें मोजूं नयेत.

गांवांत शिरल्यावर रोग पटकीसारखा एका विहिरीवरून शेंकडों घरांत जात नसे. तो समोरासमोरच्या सहवासानें, घरांतून घरांत, सुमारें पंधरवड्याच्या पावलानें चाले. येथें तिथि उपयोगी पडते. समजा, एका वहींत थोरल्या मुलाचा मृत्यु फाल्गुन वद्य ५ रोजीं व धाकट्या बहिणीचा वद्य ८ रोजीं आहे. दोघांना बहुधा एकाच ठिकाणाहून बाधा झाली. भावापासून बहिणीस नव्हे. तेंच बहिणीचा मृत्यु चैत्र शुद्ध ६ चा असेल, तर सोळा तिथींचें अंतर पडतें, आणि रोग घरांतल्या घरांत पुढें गेला असें म्हणतां येतें. साधारणतः मृत्यु तापाच्या दहाव्या ते सोळाव्या दिवशीं येई. त्यांत बारा दिवस मिळवा. मृत्यूच्या तिथीपासून तीन ते चार आठवडे मागें जाऊन त्या वेळीं घरांत लग्न, मुंज, यात्रा किंवा परगांवचा पाहुणा होता काय हें पाहावें. वहीच्या त्या पानाचें मोल मृत्यूच्या पानाहून अधिक आहे.

पहिल्या मृत्यूनें फसगत होते ती यामुळेंच. रक्त फुटण्याची देवी आठवड्याच्या आंत माणूस नेई. अशा रोग्यास बाधा मागाहून होऊनहि त्याचें नांव वहींत आधीं येतें, आणि ज्याच्यापासून ती झाली तो बरा होऊन कोणत्याच वहींत येत नाहीं. न टोचलेल्या दहा रोग्यांत सुमारें तीन दगावत. उरलेले सात चेहऱ्यावर वण घेऊन हिंडत. ओळखीच्या खुणांत ‘तोंडावर देवीचे वण’ असें लिहिलेलीं जुनीं वर्णनपत्रें म्हणून जपावीं. माणिक चौकासारख्या दाट वस्तींत पहिला मृत्यु नोंदला गेला तरी एवढ्यावरून चौकास रोगाचें उगमस्थान म्हणतां येत नाहीं. दाट वस्तींत मृत्यु अधिक व लौकर दिसतात, एवढाच त्याचा अर्थ असूं शकतो.

मृतांचीं वयेंहि बोलतात. हा रोग एकदां होऊन गेलेल्यास बहुधा पुन्हां होत नसे. म्हणून जेथें तो दर चारपांच वर्षांनीं येई, तेथें मरणारीं जवळजवळ सर्व लहान मुलें. एकाद्या पाड्यांत तरणे व प्रौढ मरूं लागले तर तेथें तितक्या वर्षांत देवी आलीच नव्हती असें समजावें. कसब्यांत मुलेंच आणि डोंगरांतील पाड्यांत सर्व वयांचीं माणसें मेलेलीं दिसलीं, तर रोग कसब्यांत वसलेला होता व तेथून पाड्यांत गेला, हा तर्क बळकट होतो. बाजाराला येणाऱ्या भिल्लांनीं रोग आणला या सरसकट समजुतीच्या अगदीं उलट तो आहे.

लशीचा माग मात्र नांवानिशीं सांगतां येतो. बगदाद व बसरा या मार्गानें मुंबईस आलेली लस १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लागू पडली. त्याच वेळीं टोचलेल्या इतर मुलांत ती उतरली नाहीं. हिच्या दंडावरच्या फोडांतून पुढील मुलांस, त्यांच्यापासून आणखी दुसऱ्यांस, अशी ती पुण्याकडे, सुरतेकडे व हैदराबादेकडे गेली. दर आठवड्यास देवी न आलेलें एक तरी मूल मिळालें नाहीं तर सांखळी तुटे. रोगाप्रमाणें त्याचा उताराहि दंडावरून दंडावर, माणसांच्याच वाटेनें गेला.

हीच मागें जाण्याची रीत पुढें सरकारी शोधकांनीं जिवंत रोग्यांवर चालविली. १९७४ सालीं हिंदुस्थानांत १,८८,००३ रोगी नोंदले गेले. घरोघर रोग्याचें चित्र दाखवून, दोन आठवड्यांपूर्वीं कोठें होतास, कोणाच्या घरीं जेवलास, असें विचारीत शोधक रोगाच्या मुळाशीं जात व भोंवतालच्या सर्वांस टोचीत. देशांतील शेवटचा रोगी मे १९७५ मध्यें आसामांतील करीमगंज येथें आढळला, आणि ८ मे १९८० रोजीं जग रोगमुक्त जाहीर झालें. प्रस्तुत लेखकाच्या डाव्या दंडावर टोचणीचे दोन वण आहेत. त्याच्या शेवटच्या वर्गांतील एकाहि विद्यार्थ्याच्या दंडावर तसा वण नव्हता, आणि ‘मसूरिका’ शब्दाचा अर्थ सांगतांना ते वणच दाखवावे लागत.

ज्यांच्याजवळ अशा वह्या आहेत त्यांनीं मृत्यूचीं पानें तेवढीं निवडून नकलूं नयेत. मृत्यूच्या मागच्या चार आठवड्यांचा जमाखर्च, पाहुण्यांचा शिधा, भाडोत्री गाड्यांचें भाडें व शीतळेचा नवस, हीं सर्व पानें तिथिवार, मूळ क्रमानें उतरून घ्यावीं. वय लिहिलें नसेल तर जन्मपत्रिकेशीं ताडावें. गल्लीचें नांव सर्वांच्या शेवटीं लिहावें.